नाणे खरे का, आणि मोलाचे किती?

पैठण, गंगाखेड किंवा नांदेड, गोदावरीकाठच्या कोणत्याही गावात वर्गात जुन्या नाण्यांचा विषय काढून पाहावा. दुसऱ्या दिवशी चार-पाच मुले तरी रुमालात बांधून काही ना काही घेऊन येतात. पणजीच्या पेटीतला राणीछाप रुपया, चारमिनारचे चित्र असलेले हाली शिक्क्याचे नाणे, नांगरताना सापडलेली तांब्याची हिरवट चकती, आणि कुणीतरी जत्रेत विकत घेतलेले, एका बाजूला राम-सीता व दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असे छापलेले नाणे. मुलांचे प्रश्न दोनच असतात. हे खरे आहे का? आणि याचे किती पैसे येतील?

हे प्रश्न सोपे वाटतात, पण ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की मोठी माणसेही गोंधळतात. जुने म्हणजे खरे, खरे म्हणजे दुर्मीळ, दुर्मीळ म्हणजे महाग, अशी साखळी मनात तयार होते. या साखळीची एकही कडी पक्की नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे स्वस्त असू शकते, शंभर वर्षेही न झालेले नाणे फार महाग असू शकते, आणि ज्याला बाजारात कुणी विचारणार नाही अशा नाण्याने विसरलेला राजा इतिहासाला परत मिळू शकतो. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे करून एकेक पाहू.

पारखीची जुनी परंपरा

नाण्यांची पारख ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. आपली भाषाच त्याची साक्ष देते. ‘बंदा रुपया’ म्हणजे न मोडलेला, पूर्ण किमतीचा रुपया. एक चलन देऊन दुसरे घेताना जी कसर कापली जाई तो ‘बट्टा’. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच आला. ज्या काळ्या दगडावर सोने घासून पाहायचे ती ‘कसोटी’. आणि पोतदार हे आडनाव आहे सरकारी खजिन्यात किंवा गावाच्या वसुलीत आलेले नाणे पारखून घेणाऱ्याचे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरच्या अधिकाऱ्याला ‘लक्षणाध्यक्ष’ आणि नाणी तपासणाऱ्याला ‘रूपदर्शक’ म्हटले आहे. चांदीच्या नाण्याची कृतीही तिथे दिली आहे. सोळा भागांपैकी चार भाग तांबे, एक भाग शिसे-कथिलासारखा कठीणपणा आणणारा धातू, आणि उरलेले अकरा भाग चांदी. नाणे तपासण्याबद्दल शेकडा एक अष्टमांश इतके शुल्क घ्यावे असेही सांगितले आहे. तपासणीसाठी अधिकारी नेमावा लागे, याचाच अर्थ खोटी नाणी तेव्हाही होती.

गंगाखेडच्या परिसरात ही पारख अगदी आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत रोजच्या व्यवहारातली होती. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात हाली शिक्का चाले आणि बाहेर इंग्रजांचा कलदार रुपया. १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा सरकारी दर होता. हा आकडा विचित्र दिसतो, पण मुलांना त्याचा अपूर्णांक करायला सांगावा. सहा कलदारांना सात हाली इतकाच त्याचा अर्थ आहे. आता धातू पाहू. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा चारमिनार छापाचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात ८१.८ टक्के चांदी, म्हणजे ९.१५ ग्रॅम. या दोन आकड्यांचे गुणोत्तर १.१७ येते, आणि सातास सहाने भागले तरी १.१७ येतात. पेठेतल्या दरात नाण्यातली चांदी अशी मोजलेली होती.

खरे-खोटे कसे ओळखायचे?

सराफाची पारख आणि इतिहासाच्या अभ्यासकाची पारख यांत एक मोठा फरक आहे. सराफाला धातू किती शुद्ध आहे एवढेच हवे असते. अभ्यासकाला हे नाणे ज्या काळाचे आणि ज्या राजाचे म्हणून दाखवले जाते, त्याचेच आहे का हे हवे असते. शुद्ध चांदीचे खोटे नाणे करता येते. तेव्हा धातूची परीक्षा पुरेशी नाही. शिवाय कसोटीवर घासून, आम्ल लावून किंवा दगडावर आपटून पाहणे जुन्या नाण्याला घातक असते. फार जुनी चांदी जमिनीत राहून ठिसूळ होते. तिचा आवाज बद्द येतो, आणि आपटल्यास ती तडकतेही. म्हणून ‘खणखणीत वाजले तर खरे’ हा नियम कलदार रुपयाला चालेल, दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याला नाही.

नाणकशास्त्रात एकच निर्णायक कसोटी नसते. एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक कसोट्या एकाच उत्तराकडे बोट दाखवतात का, हे पाहायचे असते. त्यांतल्या काही शाळेत करता येण्याजोग्या आहेत.

पहिली कसोटी वजनाची. जुनी नाणी ठरलेल्या मापाने पाडलेली असत. भारतातली सर्वांत जुनी चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी असे वेगवेगळे ठसे ठोकलेले. यांतल्या ‘कार्षापण’ नाण्याचे माप ३२ गुंजांचे. एक गुंज सुमारे ०.११ ग्रॅमची, म्हणून पूर्ण वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. झिजून ते थोडे कमी होते, पण वाढू शकत नाही. पाच ग्रॅमचे ‘कार्षापण’ कुणी दाखवले तर तिथेच थांबून विचार करावा.

दुसरी कसोटी आर्किमिडीजची. धातू वेगळा असेल तर घनता वेगळी. चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३४, सोन्याची १९.३. घनता काढताना नाण्याला ओरखडाही पडत नाही. कृती सोबत दिली आहे.

करून पाहा

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी नाण्याचे कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असे हाताने धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलवून काढा. काट्यावर जो आकडा दिसेल तितके घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान. कोरडे वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा रुपया घेतला तर ११.६६ ग्रॅमला १.१३ च्या आसपास आकडा दिसायला हवा, घनता १०.३ ते १०.४. आता सहाव्या जॉर्जचा १९४० नंतरचा चांदीचा रुपया घ्या. वजन तेच, पण आकडा १.२२ च्या जवळ जाईल, घनता ९.५. महायुद्धाच्या काळात रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली होती. राजाचा चेहरा तोच राहिला, पण आतला धातू बदलल्याचे पाण्याने सांगितले.

हाच प्रयोग साडेतीन ग्रॅमच्या आहत नाण्यावर केला तर आकडा ०.३३ ते ०.३५ इतकाच येतो. तिथे ०.०१ ची चूक म्हणजे तीन टक्क्यांची चूक. म्हणून लहान नाण्याच्या बाबतीत या प्रयोगाने पितळ किंवा जर्मन सिल्व्हर बाजूला काढता येते, पण चांदी ७० टक्के की ८० टक्के हे सांगता येत नाही. आणखी एक अडचण अशी की तांबे घनता कमी करते आणि शिसे वाढवते. दोन्ही बेताने मिसळले तर घनता चांदीइतकीच येऊ शकते. कोणत्या उपकरणाने काय कळत नाही, हेही या प्रयोगातून मुलांना दाखवता येते.

प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या साहाय्याने नाण्यातील धातूंचे प्रमाण काढतात. त्यातही सावध राहावे लागते. ते किरण पृष्ठभागाचा अगदी पातळ थरच वाचतात. तांबे मिसळलेल्या चांदीच्या नाण्यातले वरच्या थरातले तांबे शेकडो वर्षांत जमिनीतल्या ओलाव्याने निघून जाते, आणि नाणे आहे त्याहून अधिक शुद्ध असल्याचा भास होतो.

तिसरी कसोटी नाणे कसे घडवले याची. बहुतेक जुनी नाणी ठशावर हातोड्याचा घाव घालून पाडलेली आहेत. घावाने धातू दाबला जातो, चित्राच्या कडा धारदार राहतात, काठ जागोजाग फाटतो. खोटे नाणे करणारा सहसा खऱ्या नाण्याचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. ओतीव नाण्यावर सूक्ष्म छिद्रे दिसतात, अक्षरे गुळगुळीत होतात, आणि साच्याच्या दोन भागांचा सांधा काठावर रेघेसारखा उमटतो. तो लपवण्यासाठी कानस मारलेली असते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग यासाठी पुरते.

पण ‘ओतीव म्हणजे खोटे’ असाही सरसकट नियम नाही. प्राचीन भारतात काही नाणी मुळातच ओतून करत. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना १९३६ मध्ये हरियाणातल्या रोहतकजवळच्या खोकरा कोट टेकाडावर भाजलेल्या मातीचे नाण्यांचे साचे सापडले. ते यौधेय गणाच्या नाण्यांचे होते. जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या या वैज्ञानिकाने तुकड्यांवरून साच्यांची जुळणी कशी होती, धातू कुठून ओतला जाई याचा शोध घेतला आणि १९४५ मध्ये प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावर ग्रंथ लिहिला. तेव्हा नाणे ओतीव दिसले की ते कोणत्या प्रकारचे आहे आणि तो प्रकार ओतीव असायला हवा का, हे पाहायला हवे.

चौथी कसोटी जुळ्यांची. ती सर्वांत सोपी आणि मुलांना फार आवडणारी आहे. हाताने पाडलेली दोन नाणी कधीही तंतोतंत सारखी नसतात. ठसा तोच असला तरी एकावर तो थोडा डावीकडे सरकतो, दुसऱ्याचा काठ वेगळ्या ठिकाणी फाटतो. एकाच माणसाकडे एकसारखी चीर, एकसारखा खड्डा आणि एकसारखा सरकलेला ठसा असलेली दोन नाणी दिसली, तर त्यांतले निदान एक तरी ओतलेली नक्कल आहे हे नक्की.

पाचवी कसोटी अक्षरांची. सातवाहन राजांच्या नाण्यांवरची लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. ‘सातवाहन काळाचे’ म्हणून दाखवलेल्या नाण्यावर देवनागरी अक्षरे असतील तर पुढे काही तपासायची गरजच नाही. जत्रेतल्या ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ नाण्याचा निकालही इथेच लागतो. राम-सीता, हनुमान किंवा कमळ यांची चित्रे आणि १६१६, १७१७, १८१८ असे गमतीदार सन असलेली नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत. या अलीकडे बनवलेल्या शोभेच्या चकत्या आहेत. ही खोटी नाणी म्हणावीत तर त्यांचे खरे नाणे कुठेच नाही.

यांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण यांच्या भोवती फसवणुकीचा धंदा उभा राहिलेला आहे. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून अशा चकत्या दाखवून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याच्या बातम्या देशभरातून येत असतात. तांदळाच्या दाण्यांना लोखंडाची बारीक पूड लावली की साधे चुंबकही ते ओढते. सहावी-सातवीतला विद्यार्थी वर्गात हे करून दाखवू शकतो. एखाद्या घरची जमीन गहाण पडण्यापासून वाचवायला एवढा प्रयोगही उपयोगी पडेल.

खोट्यातले प्रकार

सगळी ‘खोटी’ नाणी एका मापाने मोजता येत नाहीत. आहत नाण्यांमध्ये अशी काही नाणी मिळतात की वर चांदीचा पातळ पत्रा आणि आत तांबे. ही त्या काळीच केलेली लबाडी आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तेव्हा ते नाणे खोटे होते. अभ्यासकाच्या दृष्टीने आज ते खरे आहे, कारण त्या काळच्या बाजाराबद्दल ते खरी माहिती देते.

तिसराच प्रकार तेरला दिसतो. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणाऱ्या साखळीतले गाव. तिथे आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्याची छाप घेतलेल्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. गळ्यात घालता याव्यात म्हणून त्यांना भोक किंवा कडी केलेली असे. मातीच्या चकतीने कुणी कुणाला फसवू शकत नाही. दूरदेशीचे नाणे इथल्या माणसांना दागिन्यासारखे वाटले, एवढेच ती सांगते. तिला नक्कल म्हणावे, खोटे नाणे म्हणू नये.

मोल कशाने ठरते?

आता दुसरा प्रश्न. बाजारातली किंमत ठरते ती नाणे किती दुर्मीळ, किती चांगल्या स्थितीत आणि किती जणांना हवे आहे यांवरून. वयाचा त्यात वाटा फार थोडा. आहत नाणी सव्वादोन-अडीच हजार वर्षांची, पण ती प्रचंड संख्येने पाडली गेली आणि मोठमोठ्या साठ्यांनी सापडली. आंध्रातल्या अमरावतीच्या एकाच साठ्यात ती सात हजारांहून अधिक होती. त्यामुळे साधे आहत नाणे संग्राहकाला फारसे महाग पडत नाही. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार थोडा बाहेर आला, म्हणून तो त्याच्या कितीतरी पट महाग. मग १९३८ किंवा १९४० च्या रुपयावरचा सन कोरून १९३९ करण्याचे उद्योग होतात. १९४० चे नाणे असेल तर वरचा पाण्याचा प्रयोग ते पकडतो, कारण १९३९ पर्यंत चांदी ९१.७ टक्के होती. १९३८ चे असेल तर पाणी काही सांगणार नाही. तिथे भिंगच हवे.

जुन्या काळी नाण्याचे मोल काय होते हेही कधी कधी कळते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. मुलांकडून गणित करून घ्यावे. २,००० वर महिना २०, वर्षाला २४०. आणि वीस गुणिले बारा तेही २४०. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण असा हिशेब आहे, म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला ३५ कार्षापण. एका भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्राला बारा नाणी, हे कळल्यावर हातातले चांदीचे नाणे एकदम त्या काळच्या बाजारात जाऊन बसते.

जोगलटेंभीचा साठा

याच नहपानाच्या नाण्यांनी इतिहासातला एक मोठा प्रश्न सोडवला. नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास केला. नाणी होती १३,००० हून अधिक. त्यापूर्वी नहपानाची नाणी अगदी मोजकी ठाऊक होती. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत नहपानाचे नाव.

यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर, म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ सातांवर, आणखी एक छाप होती. नहपानाच्या चेहऱ्यावरच ठोकलेली, त्याचे नाक-डोळे चेपून टाकणारी. छापेत तीन कमानींचा डोंगर होता आणि त्याभोवती गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. मागे ‘उज्जैन चिन्ह’ म्हणून ओळखली जाणारी खूण.

एखाद्या खरेदीदाराला ही नाणी खराब झालेली वाटतील. चेहरा नीट नाही, अक्षरे एकमेकांवर चढलेली. परंतु इतिहासाच्या दृष्टीने खरी गोष्ट याच नाण्यांत आहे. गौतमीपुत्राची आई बलश्री हिच्या नाशिकच्या शिलालेखात, आपल्या मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या कुळाचा, पूर्ण उच्छेद केला असे म्हटले आहे. आईने मुलाचे कौतुक करताना केलेले हे विधान कितपत खरे मानावे? जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याला स्वतंत्र पुरावा दिला. पराभूत राजाचे चलन गौतमीपुत्राने वितळवले नाही. त्यावर आपली मुद्रा मारून तेच पुन्हा चालवले. दोन राजांपैकी आधी कोण आणि नंतर कोण, हे कोणती छाप खाली आणि कोणती वर आहे यावरून ठरले. जमिनीच्या थरांत खालचा थर आधीचा, तोच नियम इथे एका नाण्याच्या जाडीत लागू झाला.

आता कल्पना करावी, की हा साठा सापडताच सराफाकडे गेला असता. तेरा हजार नाण्यांची काही किलो चांदी झाली असती. किंवा ती एकेक करून देशोदेशीच्या संग्राहकांकडे गेली असती. तेव्हा प्रत्येक नाणे खरेच राहिले असते, पण दहांपैकी सातांवर छाप आहे आणि तिनांवर नाही, ही गोष्ट कुणालाही कळली नसती. ती कोणत्याही एका नाण्यात नव्हतीच; सगळ्या साठ्यात मिळून होती. या साठ्यामुळे आणखी एक उलटी गोष्टही घडली. दुर्मीळ असलेले नहपानाचे नाणे विपुल झाले. बाजाराच्या हिशेबात विपुलतेने किंमत उतरते, इतिहासाच्या हिशेबात याच विपुलतेने मोल वाढले.

तऱ्हाळ्याची पोटिन नाणी

दुसरे उदाहरण परभणीला आणखी जवळचे आहे. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या मंगरुळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या सोळाशेच्या आसपास नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी पोटिनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या हलक्या मिश्रधातूची होती. मोडीत घालायची तर त्यांना किंमत जवळजवळ नाहीच. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांच्यावरची झिजलेली ब्राह्मी अक्षरे वाचली. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही ओळखीची नावे तर मिळालीच, पण कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांतल्या राजांच्या यादीत नसलेली नावेही पुढे आली. चांदीसुद्धा नसलेल्या या नाण्यांनी राजांची यादी बदलली.

नाण्यावरून काळ ठरवताना मात्र एक सावधगिरी हवी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन केले तेव्हा आतल्या दगडी पेटीत यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. तो राजा इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या अखेरचा. पण त्याच पेटीत आठ कांस्यमूर्ती होत्या, आणि त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. नाणे त्याच्या काळाआधी कुठे पुरले जाऊ शकत नाही. नंतर कितीही शतकांनी पुरले जाऊ शकते. शाळेच्या पायात आज कुणी राणीछाप रुपया पुरला, म्हणून शाळा व्हिक्टोरियाच्या काळातली होत नाही.

शेतात नाणी सापडली तर

या दोन्ही साठ्यांचे मोल टिकले, कारण ते एकत्र राहिले आणि वाचणाऱ्याच्या हाती पोचले. गोदावरीच्या काठाने जुन्या वस्त्यांची टेकाडे आहेत, विहिरी खणल्या जातात, पाया घेतला जातो. अशा वेळी काय करावे हे मुलांना, आणि मुलांमार्फत घरी, सांगण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट, नाणे घासू नये. चिंच, लिंबू, राख यांनी तांबे चकाकते खरे, पण हिरव्या थराबरोबर अक्षरेही जातात. हा थर खरा की मुद्दाम चढवलेला, हेही तपासण्याचे एक साधन असते. खरा थर धातूतच मुरलेला असतो, रसायनाने घाईत चढवलेला सहसा पावडरीसारखा निघून येतो. घासलेल्या नाण्याचा हा पुरावा आपल्याच हाताने नष्ट होतो.

दुसरी गोष्ट, जागेची नोंद. कोणते शेत, किती खोल, मडक्यात की मोकळे, बरोबर खापरे, मणी, विटा काय होते. मडके असेल तर फुटके असले तरी तेही जपावे. सगळी नाणी मोजावीत आणि एकत्र ठेवावीत. शेजाऱ्यापाजाऱ्यांत आठवण म्हणून वाटू नयेत.

तिसरी गोष्ट, कायदा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते आणि त्याचा वाटाही जातो. ठेव्याला मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला, अशी वाटणी त्यात आहे. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा अशी भरपाई ठरवलेली आहे. ही तरतूद वाचताना तऱ्हाळ्याची नाणी आठवतात. पोटिनच्या किमतीवर पाचवा हिस्सा म्हणजे हातात काहीच पडत नाही. लोक ठेवा लपवतात किंवा वितळवतात त्याचे एक कारण इथे आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय नुसता उपदेश उपयोगाचा नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत, हेही माहीत असावे.

नाणे वाचून घ्यायचे असेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे जाता येते. गोदावरीच्या उगमाजवळ, नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था १९८० मध्ये डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिथले संग्रहालय सहलीत पाहण्याजोगे आहे.

शाळेत मात्र सुरुवात घरच्या नाण्यांपासूनच करावी. एक वही करावी. प्रत्येक नाण्याला एक पान. त्यावर वजन, व्यास, घनता, दोन्ही बाजूंचे पेन्सिलने घासून काढलेले कागदी ठसे, अक्षरे, आणि हे नाणे घरात कुठून आले याची आजी-आजोबांकडून ऐकलेली माहिती. किमतीसाठी रकाना ठेवण्याचे कारण नाही. वही भरत आली की मुलांनी पहिल्या दिवशी विचारलेले दोन प्रश्न पुन्हा त्यांच्यासमोर ठेवावेत, आणि कोणत्या नाण्याने आपल्याला सर्वांत जास्त सांगितले ते त्यांनाच ठरवू द्यावे.